८०सी गेलं म्हणून म्हातारपण टळलं का? (वाचकांचे प्रश्न)

जानेवारी लागला की कंपन्यांमध्ये एचआरचा तो ठरलेला मेल येतो, इन्व्हेस्टमेंट प्रूफ अमुक तारखेच्या आत जमा करा, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडेही पत्रांचा ढीग पडतो. यंदा मात्र पत्रांचा सूर बदललाय. आधी लोक विचारायचे, कशात पैसे टाकू म्हणजे टॅक्स वाचेल? आता विचारतात, टॅक्स वाचतच नाही तर टाकू कशाला? कारण न्यू रिजिममध्ये, म्हणजे कमी दरांच्या नव्या टॅक्स पद्धतीत, ८०सी कलमाची वजावट, म्हणजे पीपीएफ (सरकारची पंधरा वर्षांची बचत योजना), विमा वगैरेत टाकलेल्या दीड लाखांपर्यंतची सूट, मिळत नाही; ती फक्त जुन्या पद्धतीत, ओल्ड रिजिममध्ये. निवडक पत्रं घेतलीत, काही कापून छोटी केलीत. खाली जिथे जिथे टॅक्सचे दर आलेत ते आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे येत्या ३१ मार्चला जे संपतंय त्याचे.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, आयटीत आहे, वर्षाचा पगार १५ लाख. घर भाड्याचं नाही, वडिलांचं आहे, त्यामुळे एचआरए (घरभाडे भत्ता) पण नाही आणि होम लोन पण नाही. दोन वर्षांपूर्वी न्यू रिजिम घेतली आणि तेव्हापासून पीपीएफमध्ये एक रुपया टाकलेला नाही. एक जुनी एन्डोमेंट (विमा आणि बचत एकत्र) पॉलिसी आहे, ती पण बंद करायचा विचार आहे. बायको म्हणते टाकत राहा, मी म्हणतो सूटच मिळत नाही तर पंधरा वर्षं पैसे अडकवायचे कशाला? कोण बरोबर?

वहिनी बरोबर आहेत. पण तुम्ही रिजिम बदललीत ते चुकलं असं अजिबात नाही, ते आधी सांगतो नाहीतर घरी वाद वाढायचा.

तुमचाच आकडा घेऊ. न्यू रिजिममध्ये १५ लाखांतून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं, राहिले सव्वाचौदा लाख. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, ४ ते ८ वर ५ टक्के म्हणजे २० हजार, ८ ते १२ वर १० टक्के म्हणजे ४० हजार, आणि वरच्या सव्वादोन लाखांवर १५ टक्क्यांनी ३३,७५०. झाले ९३,७५०, त्यावर ४ टक्के सेस, एकूण ९७,५००. आता ओल्ड रिजिम बघा. ५० हजार स्टँडर्ड डिडक्शन, ८०सीचे पूर्ण दीड लाख, एनपीएसचे (राष्ट्रीय पेन्शन योजना) जादा ५० हजार, मेडिक्लेमचे २५ हजार, एवढं सगळं घासूनपुसून दाखवलं तरी टॅक्सेबल राहतात सव्वाबारा लाख आणि टॅक्स होतो १,८७,२००. वर दोन लाख होम लोनचं व्याज असतं तरी १,२४,८०० झाला असता. तुमच्या पगाराला ओल्ड रिजिम परवडायची तर स्टँडर्ड डिडक्शन धरून एकूण वजावट ५ लाख ९४ हजारांच्या आसपास लागते, ती सहसा ज्याच्याकडे मोठा एचआरए आणि होम लोन दोन्ही आहे त्याच्याकडेच निघते. (आणि हो, एचआरला जे सांगितलं ते काही काळ्या दगडावरची रेघ नाही. धंद्याचं उत्पन्न नसेल तर रिटर्न मुदतीत भरताना रिजिम बदलता येते.)

म्हणजे न्यू रिजिमने तुमचे वर्षाला ८९,७०० वाचवले. आता मला सांगा, ते आहेत कुठे?

हाच खरा प्रश्न आहे आणि तो तुम्हाला एकट्याला नाही. इतकी वर्षं आपल्याकडे नोकरदार माणूस म्हातारपणासाठी बचत करायचा ती म्हातारपणाच्या विचाराने नाही, तर मार्चच्या भीतीने. सरकारने टॅक्सचं गाजर दाखवून आपल्याकडून पीपीएफ भरून घेतला, आपल्याला वाटलं आपण टॅक्स वाचवतोय. पहिल्यांदा २०२० मध्ये न्यू रिजिम आली तेव्हा फार कोणी तिकडे गेलं नाही, २०२३-२४ पासून ती डिफॉल्ट झाली, आणि २०२५ च्या बजेटने १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचा टॅक्स रिबेटने (टॅक्स माफ करणाऱ्या सवलतीने) शून्य केल्यावर तर गाजरच संपलं. पण तुमचं साठावं वर्ष काही बजेटमध्ये रद्द झालेलं नाही, ते २६ वर्षांनी येणारच आहे. आज घरखर्च महिना ५० हजार असेल आणि महागाई ६ टक्क्यांनी वाढत गेली तर तेव्हा त्याच खर्चाला सव्वादोन लाखांच्या वर लागतील.

पीपीएफचं म्हणाल तर गेली ती फक्त टाकतानाची सूट. व्याज करमुक्त आहे ते न्यू रिजिममध्येही करमुक्तच आहे, शेवटी हातात येते ती रक्कमही. दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवर थांबलाय, फार ग्रेट नाही, पण टॅक्स कापून बँकेच्या एफडीत हातात काय राहतं ते एकदा मांडून बघा. ते वाचलेले ८९,७०० च दरवर्षी सुरुवातीला पीपीएफमध्ये टाकले आणि दर हाच राहिला तर १५ वर्षांनी २४ लाखांच्या पुढे जातात. दोन वर्षं काहीच भरलं नसेल तर खातं बंद पडलेलं म्हणजे डिसकंटिन्यूड दाखवत असेल. घाबरू नका, प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे किमान ५०० आणि ५० रुपये दंड भरला की सुरू होतं.

एन्डोमेंट पॉलिसीबद्दल मात्र मी वहिनींच्या विरुद्ध जाईन. अशी एक मी पण घेतलेली आहे, २८ मार्चला संध्याकाळी साडेपाच वाजता, फॉर्मवर नुसत्या सह्या करत गेलो होतो, कशात किती परतावा हे विचारायचं भानच नव्हतं कारण डोक्यात एकच, दीड लाख पूर्ण झाले पाहिजेत. अशा पॉलिसींचा परतावा बहुतेक वेळा ५-६ टक्क्यांत अडकतो आणि विमा तर नावापुरता. पण सरसकट सरेंडर करू नका, आधी सरेंडर व्हॅल्यू (आत्ता मोडली तर काय मिळेल) आणि पेड-अप व्हॅल्यू (हप्ते थांबवून ठेवली तर मुदतीअखेर काय मिळेल) दोन्ही लेखी मागवा. मुदत संपायला दोन-तीनच वर्षं राहिली असतील तर चालू ठेवणंच बरं पडतं, लांब असेल तर पेड-अप करून हप्ता थांबवायचा. टर्म इन्शुरन्स (बचत नसलेला, नुसता जीवन विमा) मात्र आधी घ्या आणि मग जुन्याला हात लावा, क्रम उलटा नको.

अजून एक गोष्ट, जी तुमच्या एचआरने बहुतेक सांगितलेली नसणार. न्यू रिजिममध्ये रिटायरमेंटवरची एक सूट शिल्लक आहे आणि ती दणकट आहे. कंपनी तुमच्या नावाने एनपीएसमध्ये पैसे भरत असेल तर बेसिक (मूळ पगार) अधिक डीएच्या (महागाई भत्ता) १४ टक्क्यांपर्यंत रक्कम उत्पन्नातून वजा होते, कलम ८०सीसीडी (२). ओल्डमध्ये खासगी नोकरीत हीच मर्यादा १० टक्के आहे, म्हणजे इथे न्यू रिजिमच उदार. तुमचं बेसिक महिना ६० हजार धरलं तर वर्षाला १,००,८०० कंपनीमार्फत एनपीएसला वळवता येतात आणि टॅक्स १५,७२५ ने कमी होतो. कंपनीला जादा पैसे द्यावे लागत नाहीत, तुमच्याच सीटीसीतून (कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण वार्षिक खर्चातून) वळवायचे, पण कंपनीने ती सोय सुरू केलेली असली पाहिजे आणि हातात येणारा पगार तेवढा कमी होतो हे लक्षात ठेवा. तुम्ही स्वतः खिशातून भरलेल्या एनपीएसवर न्यू रिजिममध्ये काही मिळत नाही. आणि कंपनीचा पीएफ, एनपीएस, सुपरअॅन्युएशन मिळून वर्षाला साडेसात लाखांवर गेलं तर वरचं टॅक्सेबल, पण ती चिंता आपल्यापैकी फार थोड्यांना.

प्रश्न : वय २९. साडेतीन वर्षांनी जॉब बदलला, सप्टेंबरअखेर जुनी कंपनी सोडली, ऑक्टोबरपासून नवीन. जुन्या पीएफमध्ये ३ लाख आहेत, ते काढून गाडीला डाऊनपेमेंट करायचा विचार आहे. ऑफिसमधली मैत्रीण म्हणते टॅक्स लागतो. माझेच पैसे आहेत ना, मग टॅक्स कसला?

मैत्रिणीला चहा पाजा.

पाच वर्षं सलग सर्व्हिस व्हायच्या आत पीएफ काढला तर तो करपात्र होतो. कंपनीचा वाटा आणि त्यावरचं व्याज तुमच्या पगारात मिळवतात, तुमच्या वाट्यावरचं व्याज इतर उत्पन्नात, आणि तुमच्या वाट्यावर आधी ८०सी घेतलं असेल तर ते पण उलटं फिरतं. ५० हजार किंवा जास्त रक्कम असेल तर आधीच १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला टॅक्स) कापून देतात. पण ट्रान्सफर केला तर जुनी साडेतीन वर्षं नवीन सर्व्हिसमध्ये मोजली जातात, म्हणजे अजून दीड वर्षात तुमची पाच पूर्ण. शिवाय मुळात तुम्ही दुसऱ्या पीएफ असलेल्या नोकरीत लागलात, तेव्हा पूर्ण पैसे काढणं नियमातही बसत नाही, ती सोय बेकार असलेल्यांसाठी आहे. लोक फॉर्ममध्ये काहीतरी भरून काढतात ते वेगळं. यूएएन (नोकरी बदलली तरी कायम राहणारा पीएफचा नंबर) एकच आहे ना ते बघा, नवीन कंपनीने दुसरा काढून ठेवला असेल तर ती डोकेदुखी आजच मिटवा.

आता रकमेबद्दल. तीन लाख तसेच राहिले आणि सध्याचा ८.२५ टक्के दर टिकला (टिकेलच असं नाही, तो दरवर्षी ठरतो) तर ३० वर्षांनी ते ३२ लाखांच्या आसपास होतात. व्हॉट्सअॅपवर असे आकडे फिरतात आणि तिथेच थांबतात, म्हणून पुढचं पण सांगतो. महागाई ६ टक्के धरली तर त्या ३२ लाखांची किंमत आजच्या साडेपाच लाखांइतकीच. म्हणजे श्रीमंत वगैरे काही होत नाही हो, पण तीन लाखांची खरी किंमत जवळपास दुप्पट होते आणि तीही तुम्ही काहीही न करता. गाडी मात्र तीस वर्षांनी भंगारात.

तुम्ही न विचारलेली गोष्ट जास्त तातडीची आहे. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललीत, तर नव्या कंपनीला जुन्या पगाराचा हिशोब दिलात का? फॉर्म १२बी असतो त्यासाठी. दिला नसेल तर नवीन कंपनी असं धरून चालते की तुमची वर्षाची कमाई म्हणजे फक्त या सहा महिन्यांचा पगार, मग ते १२ लाखांच्या आत बसतं, रिबेट लागतो आणि टीडीएस शून्य. तुम्हाला वाटतं वा, काय मस्त पगार हातात येतोय. मग रिटर्न भरताना दोन्ही फॉर्म १६ (कंपनी देते तो पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) समोर ठेवले की कळतं, दोघांनीही स्लॅब पहिल्यापासून मोजलाय, दोघांनीही ७५ हजार वजा केलेत, आणि आता उरलेला टॅक्स व्याजासकट आपल्याला भरायचाय. अजून मार्चपर्यंत वेळ आहे. आजच एचआरला मेल करा.

प्रश्न : मी ५२ वर्षांचा, खासगी कारखान्यात सुपरवायझर, २७ वर्षं पीएफ कापला जातोय. रिटायर झाल्यावर पीएफची पेन्शन सुरू होईलच, मग वेगळं काही करायची गरज आहे का?

आहे, काका. आणि लवकर आहे.

पीएफ आणि पीएफची पेन्शन यात खूप लोकांची गल्लत होते. तुमच्या बेसिक-डीएचे १२ टक्के कापतात ते पूर्ण पीएफमध्ये जातात. कंपनीही १२ टक्के घालते पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत म्हणजे ईपीएसमध्ये जातात, आणि ते १५ हजार पगारावरच मोजतात, म्हणून पासबुकात पेन्शनच्या रकान्यात महिन्याला १,२५० दिसतात, पगार कितीही असो. त्या रकान्यात व्याज पण जमा होत नाही, ती वेगळी पद्धत आहे. पेन्शनचं सूत्र असं : पेन्शनचा पगार गुणिले सर्व्हिसची वर्षं भागिले ७०. पगाराची कमाल मर्यादा १५ हजार, सर्व्हिस ३० वर्षं धरली तर १५,००० × ३० ÷ ७० म्हणजे ६,४२८ रुपये. महिन्याला. वीस वर्षांवर सर्व्हिस असली की दोन वर्षं बोनस म्हणून मिळतात, पण सप्टेंबर २०१४ च्या आधी मर्यादा ६,५०० होती आणि त्या काळातली सर्व्हिस त्याच हिशोबाने मोजतात, त्यामुळे तुमच्यासारख्या जुन्या माणसाचा आकडा साडेपाच-सहा हजारांच्या घरातच राहतो. (ज्यांनी पूर्ण पगारावर पेन्शनसाठी अर्ज केला होता त्यांचं वेगळं.) आणि ही पेन्शन महागाईप्रमाणे आपोआप वाढत नाही, तिच्यात डीए नाही. सरकारी नोकरीतल्या शेजाऱ्याची पेन्शन बघून अंदाज बांधू नका.

मग खरा आधार कुठला तर पीएफची जमा रक्कम आणि ग्रॅच्युइटी. ग्रॅच्युइटी म्हणजे शेवटचा बेसिक अधिक डीए गुणिले १५ भागिले २६ गुणिले वर्षं, २० लाखांपर्यंत करमुक्त. शिल्लक रजेचे पैसे रिटायर होताना मिळतात ते २५ लाखांपर्यंत करमुक्त. हे तीन आकडे आज एका कागदावर लिहून काढा. तुमच्याकडे अजून सहा-आठ वर्षं आहेत आणि सगळ्यात सोपा उपाय हाताशी आहे, व्हीपीएफ. म्हणजे १२ टक्क्यांच्या वर आपल्या खुशीने जास्त कापायला सांगायचं, दर पीएफचाच. मुलाचं शिक्षण संपलं की त्या फीएवढी रक्कम व्हीपीएफला लावा, घरात जाणवणार पण नाही. फक्त तुमचा स्वतःचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला तर वरच्या रकमेचं व्याज टॅक्सेबल, हा नियम एप्रिल २०२१ पासून आहे. आणि पीएफच्या पोर्टलवर नॉमिनी बघून घ्या. लग्नाच्या आधी भरलेला फॉर्म तसाच पडून आहे, अशा केसेस दरवर्षी आमच्याकडे येतात.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांचं वय ६७. सरकारी पेन्शन वर्षाला ५ लाख ४० हजार आणि बँकेच्या ठेवी अन् सिनियर सिटिझन स्कीम मिळून ३ लाख ६० हजार व्याज. बँक टीडीएस कापते. ते म्हणतात १२ लाखांपर्यंत टॅक्स नाही असं टीव्हीवर सांगितलं, मग बँक कशी कापते, ही फसवणूक आहे. रोज बँकेत जाऊन भांडायच्या तयारीत आहेत.

त्यांना म्हणावं भांडू नका, एक फॉर्म द्या. बँकेला त्यांचं एकूण उत्पन्न माहीत नसतं, तिला फक्त एवढंच दिसतं की ज्येष्ठ नागरिकाचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं, की कापा १० टक्के. आपल्यावर टॅक्स बसत नाही हे आपणच तिला सांगायचं असतं, तो फॉर्म १५एच. प्रत्येक बँकेत आणि पोस्टात वेगळा, दरवर्षी नव्याने, आणि एप्रिलमध्येच, म्हणजे पहिल्या तिमाहीचं व्याज कापायच्या आत.

हिशोब त्यांच्या बाजूनेच आहे. ५.४० अधिक ३.६० म्हणजे ९ लाख, पेन्शनवर ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, राहिले सव्वाआठ लाख, टॅक्स निघतो पण १२ लाखांच्या आत असल्यामुळे रिबेटने शून्य होतो. पण "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" याचा अर्थ "१२ लाखांपर्यंत रिटर्न नाही" असा नाही, आणि टीव्हीवर हे कोणी सांगत नाही. ४ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर रिटर्न भरायचाच, नाहीतर यावर्षी कापलेला टीडीएस परत कसा मिळणार? दुसरं, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेल्या नफ्यावर जो विशेष दराने टॅक्स लागतो त्याला हा रिबेट चालत नाही. सासऱ्यांनी फंड विकले नसतील तर प्रश्न नाही.

विमा कंपनीची अॅन्युइटी (एकरकमी पैसे भरून विकत घेतलेलं नियमित उत्पन्न) आणि नोकरीची पेन्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दिसायला सारख्या. ७५ हजारांची वजावट नोकरीतल्या पेन्शनला, विकत घेतलेल्या अॅन्युइटीला नाही.

प्रश्न : मी इंटिरियरची कामं स्वतंत्रपणे करते, वय ३८, वर्षाला साधारण १६ लाख जमा होतात, खर्च जाऊन हातात ७-८ लाख राहतात. क्लायंट १० टक्के कापून पैसे देतात. पीएफ नाही, पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. टॅक्सचं काय करू आणि म्हातारपणाचं काय करू?

ताई, टॅक्सचं तुमचं सोपं आहे. इंटिरियर डेकोरेशन हा व्यवसाय ४४एडीएच्या (ठरावीक व्यावसायिकांना अंदाजाने उत्पन्न दाखवू देणारं कलम) यादीत येतो, त्यामुळे जमेच्या ५० टक्के म्हणजे ८ लाख उत्पन्न दाखवलं तर खर्चाची बिलं सांभाळायची गरज नाही (खरा नफा त्याहून जास्त असेल तर मात्र तो दाखवायचा). न्यू रिजिममध्ये ८ लाखांवर रिबेटनंतर शून्य टॅक्स, म्हणजे क्लायंटनी कापलेले १० टक्के रिफंडमध्ये परत येतात. फक्त २६एएस आणि एआयएस (आयकर पोर्टलवरचे तुमच्या पॅनवरच्या टॅक्सचे आणि व्यवहारांचे उतारे) उघडून बघत जा, एखादा क्लायंट कापतो पण तुमच्या पॅनवर भरतच नाही, मग वर्षभर मागे लागावं लागतं. पुढे उत्पन्न वाढून टॅक्स बसायला लागला तर तुम्हाला अॅडव्हान्स टॅक्स एकदाच, १५ मार्चच्या आत. स्टँडर्ड डिडक्शन तुम्हाला नाही, ते पगारदारांना. आणि रिजिम बदलताना जपून, धंद्याचं उत्पन्न असलेल्यांनी फॉर्म १०-आयईए भरून न्यू सोडली तर परत यायची संधी आयुष्यात एकदाच मिळते.

म्हातारपणाचं अवघड आहे कारण तुमच्या पगारातून कापून घेणारं कोणी नाही. नोकरदार रडतो की पीएफ कापला, पण तो कापला जातो म्हणूनच साठतो. तुम्हाला स्वतःचा एचआर स्वतःच व्हावं लागेल. मी अशा लोकांना एकच सांगतो, दर बिलाचे पैसे आले की त्यातले ठरावीक टक्के त्याच दिवशी वेगळ्या खात्यात. महिन्याला अमुक रक्कम असं ठरवलंत तर चार महिने काम नसतं तेव्हा मोडतं, टक्के ठरवले तर मोडत नाही. आणि तो टीडीएसचा रिफंड! तुमच्या बाबतीत तो दीड लाखांच्या आसपास जाऊ शकतो आणि बरोबर पीपीएफची वर्षाची मर्यादा पण दीड लाख. रिफंड आला की सरळ तिकडे. क्लायंटनीच तुमचा पीएफ कापला असं समजा.

पीपीएफवर सगळं सोडू नका मात्र, तुमच्याकडे वीसेक वर्षं आहेत आणि नुसत्या ७.१ ने महागाईच्या फार पुढे जाता येत नाही. एनपीएस बघा. २००४ मध्ये केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी सुरू झालं आणि मे २००९ पासून सगळ्यांना खुलं आहे, खर्च अगदी कमी, शेअरमधला वाटा स्वतः ठरवता येतो. तुम्हाला न्यू रिजिममध्ये त्यावर सूट नाही, आणि मला विचाराल तर ते बरंच आहे, कारण आता तुम्ही ते फक्त चांगलं आहे की नाही एवढ्यावरच ठरवाल. त्याची गैरसोय एकच, शेवटी सगळे पैसे हातात येत नाहीत, काही भागाची अॅन्युइटी घ्यावीच लागते आणि तिचं उत्पन्न करपात्र. गेल्या डिसेंबरमध्ये पीएफआरडीएने (एनपीएसवर देखरेख करणारी सरकारी संस्था) नियम सैल केलेत, बिगरसरकारी सभासदाला आता ८० टक्क्यांपर्यंत एकरकमी काढता येतं, आधी ६० होतं. पण आयकर कायद्यातली करमाफी ६० टक्क्यांपुरतीच लिहिलेली आहे, तेव्हा ८० काढता येतात म्हणजे ८० करमुक्त असं कोणी एजंट सांगत असेल तर त्याला कलम दाखव म्हणा. अडकवून ठेवायची भीती वाटत असेल तर इंडेक्स फंडाची (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड) साधी एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, पण मग मध्येच मोडायचा मोह आवरायचा तो तुमचा तुम्हीच.

पण या सगळ्याच्या आधी मेडिक्लेम. कंपनीचं कव्हर नसलेल्या माणसाचं रिटायरमेंट फंड खाणारा पहिला उंदीर म्हणजे हॉस्पिटलचं बिल.

प्रश्न : बायकोला उत्पन्न नाही. तिच्या नावाने १० लाखांची एफडी केली तर व्याज तिचं आणि टॅक्स शून्य, बरोबर ना?

नाही. पैसे दिले तर गिफ्ट म्हणून त्यावर टॅक्स नाही, पण त्यावरचं व्याज क्लबिंगच्या नियमाने तुमच्याच उत्पन्नात येतं. तिच्या नावाने पीपीएफ उघडून द्या, तिथे व्याजच करमुक्त म्हटल्यावर क्लबिंग होऊन होऊन काय होणार. आणि तिची स्वतःची दीड लाखांची मर्यादा वेगळी.

प्रश्न : माझ्या पीपीएफला या मार्चमध्ये १५ वर्षं पूर्ण होतात. एप्रिलपासून कायद्यातली कलमं पण बदलणार म्हणतात. सगळे काढून टाकू का?

कलमांचं मनावर घेऊ नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आयकर कायदा लागू होतोय, आकडे बदलतात, आपलं लाडकं ८०सी आता १२३ होईल, पण त्यामुळे तुमच्या पीपीएफचं काही बिघडत नाही.

तुमच्याकडे तीन रस्ते. सगळे काढा. किंवा काहीच करू नका, खातं आपोआप तसंच चालू राहतं, व्याज मिळत राहतं, आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. किंवा पैसे भरत राहायचे असतील तर पाच वर्षांची मुदतवाढ, पण त्यासाठी मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत फॉर्म द्यावा लागतो. इथे लोक फसतात. फॉर्म न देता ऑनलाइन पैसे भरत राहतात, बँकेचं अॅप पण घेत राहतं, आणि नंतर कळतं की त्या भरलेल्या पैशांवर व्याजच नाही. पैशांची आत्ता गरज नसेल तर मी तिसरा रस्ता घेईन, करमुक्त ७.१ टक्के आणि पाच वर्षांच्या त्या टप्प्यात सुरुवातीच्या शिल्लकीच्या ६० टक्क्यांपर्यंत काढायची मुभा, असं खातं नव्याने उघडलं तर परत पंधरा वर्षं थांबावं लागेल.

फॉर्म देऊन झाला की पैसे ५ एप्रिलच्या आत टाका. महिन्याचं व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या किमान शिल्लकीवर मोजतात, दीड लाख ६ तारखेला टाकले तर एप्रिलचे ८८७ रुपये गेले. यंदा ५ एप्रिलला रविवार आहे आणि १ तारखेला बँका वर्षअखेरच्या कामासाठी बंद, ३ ला गुड फ्रायडे, त्यामुळे चेकने भरणार असाल तर २ तारखेलाच जा.